जैतुनाचा पंप

सोमवारी सकाळी इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं, तेव्हा मनूबियाला वाटलं, चला, यंदाचं वर्ष सुरू झालं. पण इंजिन धडधडत राहिलं आणि हवेच्या पंपाचं मोठं चाक काही हललं नाही. पट्टा नुसता चाकावरून घासत होता. आधी तो किंचाळला, मग त्यातून धूर निघाला, आणि जळक्या रबराच्या वासानं कोंबड्या निवडुंगाच्या कुंपणाखाली जाऊन बसल्या. लझहरनं डाव्या हातानं इंजिन बंद केलं. गेल्या वर्षी शिडीवरून पडल्यापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

त्यानं चाक धरून ओढलं. मग मनूबियानं दुसऱ्या बाजूनं ओढलं. मग दोघांनी मिळून. चाक असं बसलं होतं, जणू पंपासकट एकाच दगडातून कोरलंय.

"जाम झालाय," लझहर म्हणाला. आणि थोड्या वेळानं, चाकाकडेच बघत, "मीच काहीतरी विसरलो असणार."

हे तो हल्ली सगळ्याच गोष्टींबद्दल म्हणायचा. शेळी सुटली, नळ गळला, पाव जळला, तरी आधी स्वतःवर घ्यायचा. पडला खांद्यावर, पण मार कुठेतरी आत बसला होता.

घरामागे ब्याण्णव झाडं होती, सासऱ्यांनी लावलेली. जैतुनाचं झाड एक वर्ष देतं आणि एक वर्ष आळसात काढतं. गेलं वर्ष आळसाचं होतं. यंदा मात्र फांद्या लेकुरवाळ्या बाईसारख्या वाकल्या होत्या आणि फळं हिरव्याची जांभळी, जांभळ्याची काळी होत होती. आणखी आठ-दहा दिवसांत उत्तरेचा वारा सुटला, की सगळं मातीत. पंप चालला तर त्याच्या हवेवर चार लांब दांड्यांचे पंजे झडझडतात, आणि चार बायका बघता बघता झाडामागून झाड उतरवतात. नाहीतर बोटांत शेळीची शिंगं घालून एकेक फांदी विंचरत बसायचं. त्याला माणसं लागतात, आणि गावातल्या बाया तर पहाटेच मोठ्या बागांच्या गाड्यांत उभ्या राहून निघून जायच्या. चार जणी मनूबियाकडे यायला कबूल झाल्या होत्या, त्याही पंप आहे म्हणून.

रबराचा वास वाऱ्यावर गेला की काय कोण जाणे, दुपारच्या आत लझहरचा थोरला भाऊ खमैस हजर झाला. माणूस वाईट नव्हता. फक्त दुसऱ्याच्या अडचणीच्या वेळी तो नेहमी अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत यायचा. त्यानं चाकाला बुटानं ढोसलं, पट्टा हुंगला, आणि भावाला म्हणाला की कोरडा चालवलास तू, लोखंड कोरडं चाललं की मरतं. मग झाडांमधून एक फेरी मारून आला. त्याच्याकडे बारा माणसं होती, जाळ्या होत्या, गाडी होती. झाडं तो उतरवून देणार होता, निम्म्या वाट्यानं. पंप भंगारात घालायचीही त्याची तयारी होती, म्हणजे अंगणातली जागा तरी मोकळी होईल.

एकदा निम्म्यानं गेलेलं झाड पुन्हा पुरं हाती येत नाही, हे त्या गावात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. खमैसकडे अशी तीन घरांची झाडं होती. तिन्ही घरं आपल्याच झाडांखाली त्याच्या मजुरीवर जायची.

लझहर काही बोलला नाही. त्याची आई, हाज्जा तूनस, भिंतीला टेकून बदाम फोडत होती, तीही नाही. एरवी हाज्जाच्या तोंडाला विश्रांती नसायची.

"शुक्रवारी नमाज झाली की माणसं घेऊन येतो," खमैस म्हणाला. "पंप चालू असला तर चहा पिऊन परत जाईन."

"चहाच होईल, सी खमैस," मनूबिया थोरल्या दिराला लावायचा मानाचा 'सी' न विसरता म्हणाली. "साखर किती घालायची तेवढं सांगून ठेवा."

तो हसला. मग वळून त्यानं लझहरला सांगितलं की तुझ्या बायकोला जिभेचा पंप बरा दिलाय देवानं.

मनूबिया पंक्चरवाल्याची मुलगी होती. लग्नात हे खमैसच्या बायकोनं दोन वेळा म्हणून दाखवलं होतं, एकदा तोंडावर आणि एकदा पाठीमागे. सफाक्सच्या रस्त्यावर बापाचं टपरीएवढं दुकान होतं, आणि बापाला मुलगा नव्हता, त्यामुळे पाना कुणाच्या हातात द्यायचा हा प्रश्नच आला नाही. हवेचा पंप आतून कसा दिसतो हे तिनं भाकरी कशी फुगते ते कळायच्या आधी पाहिलं होतं. लग्न झाल्यावर मात्र पंप लझहरचा आणि चूल तिची, अशी वाटणी आपोआप झाली. तिनं ती कधी मोडली नव्हती. आता मोडायची वेळ आली होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं दुःख वाटत नव्हतं.

तिनं बाह्या वर केल्या, ओढणी मानेमागे गाठ मारून बांधली, आणि पंपाच्या पोटाखालचा तेल काढायचा बोल्ट सोडवला. खाली डबा धरला. काही आलं नाही. थेंब नाही.

"बघ," लझहर म्हणाला. "कोरडाच."

पण बाजूच्या गोल काचेत तर तेल दिसत होतं, पिवळं. मनूबियानं जाड तार आकड्यासारखी वाकवून भोकात घातली. तार आत रुतली. ओढून काढली तर टोकाला तपकिरी, चिवट, मधासारखं काहीतरी चिकटून आलं. ते वाहत नव्हतं, लोंबत होतं. यंत्राचं तेल जुनं झालं की काळं आणि पातळ होतं. असा डिंक होत नाही.

तिनं नाकाशी धरलं. तेलाच्या रांजणाच्या तळाशी उरलेला गाळ वर्षानं खरवडला की येतो, साबण करायला बसल्यावर घरभर भरतो, तो खवट, गोडसर वास. जैतूनच.

अंगणात बदाम फुटायचा आवाज थांबला होता.

मनूबियानं मान वर केली नाही. पण तिला सगळं आठवलं. हाज्जाच्या हातात तेलाचा छोटा गडवा कायम असायचा. दार कुरकुरलं, तेल. नातवाला सर्दी, छातीवर तेल. चामड्याच्या चपला, केस, खरचटलेला गुडघा, शेळीचं सड, सगळ्याला तेल, तेही नवं, घाण्यातून पहिल्यांदा उतरलेलं. तीन वर्षांपूर्वी मनूबियाचं शिवणयंत्र असंच जाम झालं होतं. तेव्हा तिनं ते पूर्ण सुटं करून धुतलं आणि कुणाला काही विचारलं नाही, कारण विचारून काय होणार होतं. घरचं तेल दोन महिने नुसतं राहिलं तर चिकटतं, आणि गरम झालं तर वार्निश होतं. पंपात ते नुसतं राहिलंही होतं आणि तापलंही होतं. उन्हाळ्यात खमैसच्या मुलीच्या लग्नासाठी त्याच्या घराच्या भिंतींवर चुन्याचा फवारा मारायला हाच पंप नेला होता, आणि भर उन्हात तो दिवसभर चालला होता.

तिनं तार ओढणीच्या टोकाला पुसली.

"कोरडा नाहीये," ती लझहरला म्हणाली. "तेल आहे. पण जुनं झालंय, घट्ट झालंय. निघेल."

लझहर पाना शोधायला वळला. मनूबियानं म्हातारीकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं बदाम पुन्हा फुटायला लागले, आधी एक, मग जरा थांबून दुसरा.

मंगळवार हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडण्यात गेला. आठ बोल्ट होते. सहा आले, सातवा डिझेल पिऊन आणि दोन शिव्या खाऊन आला. आठव्याचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं, पाना त्यावरून सटकायचा. मनूबियानं छिन्नी लावली, लझहरनं डाव्या हातानं हातोडा धरला. डाव्या हाताचा नेम नसतो. पहिला घाव तिच्या अंगठ्यावर बसला. तिनं अंगठा तोंडात घातला आणि छिन्नी पुन्हा जागेवर धरली. लझहर म्हणाला, नको, तूच मार, मी छिन्नी धरतो. ती म्हणाली, तुझा अंगठा शाबूत राहू दे, मला अजून दुसरा आहे. दुसरा घाव बरोबर बसला.

हेडखाली व्हॉल्व्हची ताटली निघाली. पातळ पोलादी पानं, एक हवा आत घेतं, एक बाहेर सोडतं, आणि दोन्ही काळ्या खरपुडीखाली गाडली गेलेली. ती तिनं डिझेलच्या वाटीत ठेवली. खालून झाकण काढून पिस्टनांचे दांडे सोडवले. मग वरून दोन्ही सिलिंडरांत डिझेल ओतलं आणि चुलीवर पाणी ठेवलं. उकळतं पाणी सिलिंडरच्या बाहेरून सोडायचं, म्हणजे लोखंड जरा फुगतं आणि धरलेलं सोडतं. हे बापानं तिला शिकवलं होतं, पण त्याच्याकडे चूल नव्हती, तो चहाची किटली वापरायचा.

दांड्याच्या तळाशी जैतुनाच्या लाकडाचा ठोकळा लावून खालून वर ठोकलं. लोखंडानं ठोकलं तर पिस्टनचा कान फुटतो. पाचव्या किटलीला एक पिस्टन सरकला, इतका हळू की दोघांनाही आधी भास वाटला. मग तो वर येऊन सिलिंडरच्या तोंडाशी थांबला, खरपुडीनं काळा, कडेनं तपकिरी वार्निश. दुसरा संध्याकाळपर्यंत हलला नाही. बुधवारी सकाळी, रात्रभर डिझेल पिऊन झाल्यावर, पहिल्याच ठोक्याला आला, पण त्याच्याभोवतीची वरची रिंग खाचेत चिकटली होती आणि सोडवताना तिचे दोन तुकडे झाले.

तुटलेली रिंग तळहातावर घेऊन लझहर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर तेच यायला लागलं होतं, मीच काहीतरी. मनूबियानं तुकडे त्याच्या हातातून घेतले, दुसऱ्या पिस्टनची धड रिंग काढली, दोन्ही रुमालात बांधल्या, पायांत बंद चपला घातल्या आणि सांगितलं की ती अल-जमला चालली.

अल-जमला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार आहे, गल्ल्याच्या गल्ल्या. एका दारात नुसते आरसे, दुसऱ्या दारात नुसती दारं. सी बूरावीच्या दुकानात कमरेइतक्या उंच ढिगात पंपांची धडं पडली होती. मनूबियानं त्याला काय हवं ते सांगितलं. ऐकून त्यानं तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, कितीचा पिस्टन आहे. तो माणूस आपला दिव्याची काच घ्यायला आला होता. त्यानं खांदे उडवले.

मनूबियानं रुमाल सोडला आणि धड रिंग काउंटरवर ठेवली.

बूरावीनं एक रिंग काढून दिली. तिनं ती धड रिंगेवर ठेवून पाहिली आणि परत केली. ही झिजलेली आहे, ती म्हणाली, मला जरा मोठी द्या, टोकं मी कानशीनं घासून बसवीन. त्यानं चष्मा कपाळावर घेतला.

"आणि फट किती ठेवशील?"

"दाढीच्या पात्याएवढी. पातं आत गेलं पाहिजे, पण ढिलं राहता कामा नये."

बूरावीनं परत आलेली रिंग बाजूला सारली. मग म्हणाला की पात्यानं मोजणारा एकच माणूस त्याला माहीत होता, सफाक्सच्या रस्त्यावर, पंक्चरवाला मिझूनी, आणि तो मेला.

"तो मेला," मनूबिया म्हणाली. "पातं माझ्याकडे आहे."

त्यानं दोन रिंगा दिल्या, एक लागेल ती आणि एक मोडेल म्हणून. सांधा हवाबंद करायला गॅस्केटचा जाड कागद आणि झिजलेल्या बोल्टाऐवजी एक नवा बोल्ट दिला. मागच्या माणसाला मात्र काचेसाठी उद्या यायला सांगितलं.

परत येताना लुआजमध्ये, शेअर टॅक्सीत, तिच्या शेजारी बसलेल्या बाईनं नाक दाबून धरलं. मनूबियाच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. तिनं खिडकी उघडली आणि रस्त्याकडेची झाडं मोजत बसली. कुठे कुठे जाळ्या पसरल्या होत्या, लोकांची तोडणी सुरू झाली होती.

गुरुवारी चुलीवर साबणाची मोठी लोखंडी कढई चढली. पाणी, कॉस्टिक सोडा, आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ. खवट तेल जिथे चिकटलेलं असेल तिथून सोडा ते साबण करून सोडवतो, हे मनूबियाला पंक्चरच्या दुकानात नाही, याच अंगणात कळलं होतं. तिनं पंपाचं पोट आणि सिलिंडर, सगळं ओतीव लोखंड, साखळीला बांधून कढईत सोडलं. मग पिस्टनांकडे हात गेला.

"ते नको."

हाज्जा तूनस मागे येऊन उभी होती. सोमवारपासून तिनं पंपाबद्दल काढलेला हा पहिला शब्द.

"ते ॲल्युमिनियमचं आहे," ती म्हणाली. "माझं पातेलं आठवतंय ना."

न आठवायला काय झालं. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा मनूबियानं हाज्जाच्या माहेरच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा उकळला होता, आणि तासाभरानं पातेल्याला तळ राहिला नव्हता. बावीस वर्षं ते बिनबुडाचं पातेलं कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगलेलं होतं, आणि सून माहेरी गेली की हाज्जा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची.

मनूबिया पिस्टन सोड्यात घालणारच नव्हती, तिनं ते डिझेलच्या ताटात ठेवण्यासाठी उचलले होते. पण ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, हाज्जा. मी घालणारच होते."

हाज्जानं मान हलवली. मग लाकडाची चपटी काडी घेऊन ताटाशी बसली आणि पिस्टनच्या खाचांमधलं वार्निश खरवडायला लागली. काडी खाचेतून सुटत नव्हती. दोघी दुपारपर्यंत अशाच बसल्या. बोलणं झालं ते फक्त बदामाच्या भावाबद्दल आणि एका शेजारणीच्या गुडघ्यांबद्दल.

कढईतून लोखंड बाहेर आलं ते पावसानं धुतलेल्या दगडासारखं करडं. तीन पाण्यांनी धुतलं, चुलीशी वाळवलं, लगेच पुसलं. बेअरिंगं डिझेलनं धुतली. लझहरनं गॅस्केटचा कागद हेडवर अंथरला आणि हातोडीच्या गोल टोकानं कडेकडेनं टिकटिक करत कापला. हे काम खांद्याच्या खाली होतं. त्यात त्याचा हात अजून पहिल्यासारखा होता. भोकं एका रेषेत आली. त्यानं ती उजेडासमोर धरून पाहिली, आणि पुन्हा एकदा पाहिली.

रिंगेची टोकं मनूबियानं घासली. रिंग सिलिंडरात सरकवायची, पातं लावून बघायचं, काढायची, दोन हात कानस, पुन्हा सरकवायची. सातव्या वेळी पातं फटीत गेलं आणि तिथे उभं राहिलं. पिस्टन सिलिंडरात घालताना रिंगा बाहेर फुगतात. त्या दाबून धरायला तिनं हरिसा चटणीच्या मोठ्या डब्याचा पत्रा कापून पट्टी केली, पिस्टनभोवती आवळली. लझहरनं एका हातानं ती आवळून धरली आणि तिनं लाकडानं पिस्टन खाली दाबला. दोन्ही गेले. चाकाला हात लावला तर चाक बोटानं फिरलं. त्यांनी ते उगाचच चार-पाच वेळा फिरवलं.

आता तेल हवं होतं. अल-जमहून आणायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. अंधारायच्या आधी दुकानापर्यंत जाऊन यावं म्हणून ती हात धुऊन बाहेर आली, तर पंपाच्या शेजारी एक डबा ठेवलेला होता. कॉम्प्रेसरच्या तेलाचा, सील न तोडलेला, वर दोन वर्षांची धूळ आणि धुळीवर पाच बोटांचे ठसे.

तिनं ओढणीनं धूळ पुसली. लझहरनं विचारलं कुठून आलं. ती म्हणाली, अल-जमहून.

शुक्रवारी नमाजेच्या आधी सगळं बसलं होतं. चारही जणी पंजांच्या दांड्या घेऊन आल्या होत्या आणि अंगणात उकिडव्या बसून मुळा खात होत्या. लझहर नमाजेला गेला, आला, आणि त्याच्या मागोमाग खमैसची गाडी आली. बारा माणसं उतरली. खमैसनं कुणाला न विचारता पहिल्या तीन झाडांखाली जाळ्या पसरवायला सांगितलं. चहा बाकी होता.

मनूबियानं इंजिन लावलं. पट्टा ताणला, चाक फिरलं, पंप धडधडायला लागला, आवाज गोल आणि भरीव. चारही जणी उठून उभ्या राहिल्या. पण टाकीवरचा काटा शून्यावर. मनूबियानं नळ्या तपासल्या, झडप तपासली. काटा शून्यावरच. एक मिनिट झालं, दोन झाली. एका मजुरानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं.

तिनं इंजिन बंद केलं. शांत झाल्यावर खमैसचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. तो आपल्या माणसांना सांगत होता की यात बाईचा दोष नाही, भावानंच पंप कोरडा चालवून मारलाय, आणि कोरडा मेलेला पंप उठत नाही. आवाज मऊ होता. माफ करून टाकल्यासारखा.

लझहर खाली बघत होता.

"कोरडा नव्हता," हाज्जा तूनस म्हणाली.

ती भिंतीशी उलट्या टोपलीवर बसली होती, हातात गडवा. सगळे तिच्याकडे वळले.

"मी पाजलं होतं त्याला. घरचं तेल. दोन वर्षांमागे तोडणी संपल्यावर लझहरनं जुनं काढून टाकलं आणि नवं आणायला गेला. काचेत बघितलं तर रिकामं. म्हटलं, लेकरू उपाशी ठेवून गेलाय. तीन शेर पाजलं, पहिल्या घाण्याचं." ती थांबली. "हा परत आला डबा घेऊन, काच भरलेली बघितली, मला विचारलं कुणी घातलं. मी म्हटलं, तूच तर घातलंस सकाळी. आणि डबा माझ्या खाटेखाली सारला."

मुळा खाणाऱ्या एकीच्या दातांचा कुडुमकुडुम आवाज तेवढा ऐकू आला.

"आणि ते तेल तापवलं कुणी?" हाज्जा थोरल्याला म्हणाली. "दिवसभर उन्हात चालवून तुझ्या भिंती पांढऱ्या केल्या त्यानं. येणारा-जाणारा बघतो ना, काय चकाकतात म्हणतो. माझं तेल आहे ते."

चारही जणींनी ओढणीची टोकं तोंडात घातली. मजुरांपैकी कुणीतरी खोकला. खमैस आपल्या बुटांकडे बघायला लागला.

लझहर आईच्या समोर येऊन उभा राहिला. "म्हणजे मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

"तू कशाला विसरशील. तू आणायला गेला होतास."

तो तसाच उभा राहिला, दोन वर्षांत हरवलेलं काय काय परत मोजावं तसा. मग वळला आणि मनूबियाला म्हणाला, लाव परत. तिनं इंजिन लावलं. तो पंपापाशी वाकला, आणि कुठेही न बघता, सवयीनं, डावा तळहात हवा आत घ्यायच्या जाळीवर ठेवला. पंप चालू असताना तिथे तळहात खेचला जातो. त्याचा तळहात उडाला.

"बंद कर. व्हॉल्व्हची ताटली उलटी बसलीय," तो म्हणाला. "हा घ्यायच्या जागी देतोय."

"आपल्याकडे एक याच्या उलटा आहे," हाज्जा म्हणाली, कुणाचंही नाव न घेता.

ताटली मनूबियानंच बसवली होती, अंगठा सुजलेला असताना, घाईत. तिनं कपाळाला हात लावला, तिथे काळा डाग उमटला. पण आता सांगायला-ऐकायला वेळ नव्हता. ती पाना घेऊन बसली, लझहर दुसऱ्या बाजूनं. आठ बोल्ट. हेडच्या आठ बोल्टांनी मंगळवारचा अख्खा दिवस खाल्ला होता, आज ते लोण्यासारखे आले. त्यानं गॅस्केट न फाटू देता नखानं उचलली, तिनं ताटली पालथी केली, पानांची तोंडं बघितली, त्याला दाखवली. त्यानं मान हलवली. आठ बोल्ट परत, आडव्यातिडव्या क्रमानं, थोडे थोडे आवळत. खमैसच्या माणसांनी तोवर तिसऱ्या झाडाखालची जाळी नीट ओढून घेतली होती. करायला दुसरं काही नव्हतं.

यावेळी इंजिनाची दोरी लझहरनं ओढली, डाव्या हातानं. पंपाचा आवाज बदलला, जड झाला, ओझं घेतलेल्या माणसाच्या श्वासासारखा. काटा थरथरला. एकावर आला. दोनावर. चारावर आल्यावर चौघींतल्या सगळ्यात थोरलीनं पंजा नळीला जोडला आणि चाचणी म्हणून हवेतच चालवला, तो कडकड वाजला, कोंबड्या पुन्हा निवडुंगाखाली. सातावर आल्यावर टाकीवरच्या झडपेनं फुस्स करून जादा हवा सोडून दिली.

"चला," मनूबिया म्हणाली.

पहिल्या झाडाखाली जाळी पसरलेलीच होती. पंजे फांद्यांत शिरले आणि जैतून गारांसारखे पडायला लागले, जांभळे, काळे, पानांसकट. खमैस थोडा वेळ बघत राहिला. मग भावाला म्हणाला की जाळ्या माझ्या आहेत.

"राहू देत की," हाज्जा म्हणाली. "अंथरलेलं लगेच उचलू नये. सोमवारी ने."

खमैसनं माणसांना गाडीत बसायला सांगितलं. मनूबिया चहा घेऊन गेली. ग्लासात वर बदाम तरंगत होते. त्यानं उभ्यानंच एक घोट घेतला आणि म्हणाला, साखर जास्त झालीय. ती म्हणाली, तुम्ही सांगितलीच नव्हती, मग मी माझ्या मनानं घातली.

गाडी गेली. पंप चालत होता. हाज्जा तूनस गडवा घेऊन हळूहळू त्याच्यापाशी आली, वाकून काचेतलं तेल बघितलं, पाण्यासारखं पातळ, रंग ना वास. बराच वेळ बघितलं.

"यावर जगतो हा?" तिनं विचारलं.

"यावरच जगतो," मनूबिया म्हणाली.

हाज्जाचं समाधान झाल्याचं दिसलं नाही. पण तिनं गडवा पंपाकडे नेला नाही. लझहर झाडाला टेकून नळी मोकळी करत होता, तिथे ती गेली, त्याला खाली बसायला लावलं, सदऱ्याची गुंडी सोडली, ओंजळीत तेल घेतलं आणि त्याच्या उजव्या खांद्यावर दोन्ही हातांनी चोळायला लागली. तो म्हणाला, आई, लोक बघतायत. ती म्हणाली, बघू देत, यंत्राला चालत नाही तर निदान याला तरी चालतं. आणि तिनं त्याचा हात कोपरापाशी धरून जरासा वर केला, मग आणखी जरासा.